टोफू मुरवायचा कसा, भाजायचा कसा: वाचक विचारतात

मागच्या अंकात व्हीगन, म्हणजे दूध-दह्यासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या जेवणावर लिहिताना तंदुरी टोफूचा जाता जाता उल्लेख केला होता, कृती दिली नव्हती, त्यावरून इतके मेल आलेत की या वेळचा सगळा कॉलम टोफूलाच, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या पनीरसारख्या पदार्थालाच दिलाय. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते म्हणून ते एकत्र केलेत, बाकीचे जसे आले तसे.

प्रश्न: ताई, मी पनीर टिक्क्याच्याच कृतीत पनीरऐवजी टोफू आणि दह्याऐवजी काजूची पेस्ट घालते. रात्रभर फ्रिजमध्ये मुरवते. तरी ओटीजीत (घरगुती छोट्या ओव्हनमध्ये) ठेवलं की सगळा मसाला ट्रेवर वाहून येतो, टोफू पांढराफटक राहतो आणि आतून एकदम फिका. अजून जास्त वेळ मुरवू का? (एक वाचक, पुणे)

नाही हो, वेळ वाढवून काही होणार नाही. अडचण पाण्याची आहे. पाकिटातला घट्ट टोफू घेतला तरी वजनाने साधारण तीन चतुर्थांश पाणीच असतं त्यात, आणि ते पाणी आत असताना वरून कितीही मसाला थापला तरी ओव्हनची उष्णता लागली की ते बाहेर यायला लागतं आणि येताना मसाला धुऊन नेतं. पनीरचं तसं नसतं, त्यात फॅट भरपूर असतं, ते स्वतःच्या तुपावर लाल होतं, आणि चवीलाही दूध असतं. टोफूला हे दोन्ही आपण द्यावं लागतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी पाणी काढायचं, मग मीठ आत घालायचं आणि मसाला सगळ्यात शेवटी. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात.

आता नीट सांगते, दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं धरा. टोफूचे पाऊण इंचाचे तुकडे करा, त्याहून मोठे नकोत. लिटरभर पाणी उकळून त्यात दोन टेबलस्पून मीठ घाला, गॅस बंद करा आणि तुकडे त्यात पंधरा मिनिटं सोडा. पाणी काढायचं म्हणून पाण्यात टाकायचं हे ऐकायला उलटं वाटतं, मला माहितीये, पण गरम पाण्याने टोफूतलं प्रोटीन आवळतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं, शिवाय मीठ हळूहळू आत शिरतं. मग तुकडे उपसून जुन्या सुती पंचावर पसरा, वरून दुसरं कापड, त्यावर ताट आणि ताटावर डाळीचा भरलेला डबा. वीस मिनिटांनी कापड उचलून बघा, ओलं झालेलं असेल, आणि तुकडा हातात घेतला तर वरून कोरडा आणि जरा चिवट लागेल. असा झाला की तो मसाल्याला तयार.

रात्रभर मुरवण्याचं म्हणाल तर मीठ आत जातं पण तिखट, गरम मसाला, लसूण हे सगळं वरच्या थरातच राहतं, बारा तास ठेवा नाहीतर चोवीस. तेव्हा अर्धा-पाऊण तास पुरे, सोयीसाठी रात्रभर ठेवलंत तरी बिघडत नाही. त्यापेक्षा पृष्ठभाग वाढवा, म्हणजे तुकडे लहान करा किंवा सुरीने न कापता हाताने तोडा, तोडलेल्या खडबडीत कडांना मसाला असा काही धरून बसतो की सुरीच्या गुळगुळीत तुकड्याला ते जमतच नाही.

मसाल्याचं सांगते. दोन टेबलस्पून तेल गरम करून त्यात दोन टेबलस्पून बेसन मंद गॅसवर खमंग वास येईपर्यंत भाजा, उतरवून त्यातच हळद आणि हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा घाला. गार झालं की एक टेबलस्पून आलं-लसूण पेस्ट, दोन चमचे काश्मिरी तिखट, चमचाभर धणे-जिरे पूड, अर्धा चमचा गरम मसाला, चुरडलेली कसुरी मेथी, चार टेबलस्पून काजूची घट्ट पेस्ट, एका लिंबाचा रस आणि किंचित गूळ. मीठ अगदी चिमूटभर कारण टोफूत आधीच गेलंय. हे मिश्रण चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतकं घट्ट हवं. तुमची काजूची पेस्ट बहुतेक पातळ होत असणार, आणि बेसन भाजून घालत नसाल तर तेही एक कारण, कारण बेसनच लिंबाचं पाणी शोषतं आणि सगळं तुकड्याला चिकटवून ठेवतं. गूळ रंगासाठी, दह्यातल्या दुधाच्या साखरेमुळे टिक्का जो लाल होतो ते काम इथे गूळ करतो, पण जास्त घातलात तर करपेल.

ओटीजी दोन्ही रॉड लावून २०० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवा. तुकडे ट्रेमध्ये न ठेवता तेल लावलेल्या जाळीवर ठेवा, खाली ट्रे, म्हणजे खालूनही गरम हवा लागते, आणि एकमेकांपासून बोटभर लांब ठेवा, गर्दी केली की ते भाजत नाहीत, वाफवतात. पंधरा मिनिटांनी उलटा, वरून ब्रशने थोडं तेल, परत दहा मिनिटं, आणि शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड, त्या वेळी मात्र समोरून हलू नका. कांदा आणि सिमला मिरची वेगळ्या ट्रेमध्ये भाजा, त्यांना सुटणारं पाणी टोफूखाली नको.

प्रश्न: काजू महाग पडतात आणि मुलाला त्याची ॲलर्जी आहे. दह्याऐवजी दुसरं काय? (नाशिकहून एक वाचक)

मुलाला शेंगदाणा आणि सोया चालतात ना ते आधी डॉक्टरांना विचारून पक्कं करा, ॲलर्जीच्या बाबतीत अंदाजाने काही करायचं नाही. शेंगदाणे चालत असतील तर शेंगदाण्याचं दही लावा, वाटीभर दाणे रात्री भिजवून साल काढून तीन वाट्या पाण्यात वाटायचे, गाळायचे, ते दूध ढवळत पाच-सात मिनिटं उकळायचं, कोमट झालं की त्यात सात-आठ हिरव्या मिरच्यांची देठं टाकून उबदार जागी रात्रभर ठेवायचं. पहिलं दही जरा ढिलं लागतं, त्याचंच विरजण घेऊन दुसऱ्यांदा लावलं की छान घट्ट. मग कापडात टांगून चक्का करा आणि तो चक्का मसाल्यात वापरा, खरं सांगायचं तर काजूपेक्षा मला हाच जास्त आवडतो कारण याला खरा आंबटपणा असतो, लिंबाने तो येत नाही. दाणेही चालत नसतील तर नारळाचं घट्ट दूध आणि एक चमचा जास्तीचं बेसन.

प्रश्न: आम्ही मूळचे मालवणचे. दीड वर्षापूर्वी मी व्हीगन झाले, निर्णयाचा पश्चात्ताप नाही पण रवा लावलेला बांगडा अजून आठवतो. टोफूचं तसं काही, तेही न तळता, होईल का? (एक वाचक, ठाणे)

होईल, आणि हा प्रश्न वाचून मला खूप बरं वाटलं, कारण टोफू म्हटलं की सगळे टिक्का आणि मंचुरियनच्याच मागे लागतात, आपल्या किनाऱ्यावरचे मसाले टोफूला जितके शोभतात तितके दुसरे कुठले शोभत नाहीत असं माझं ठाम मत आहे. मासा स्वतः सौम्य असतो आणि त्याच्यावर आंबट, तिखट, हळद, लसूण हे जोरकस काम करतात, टोफूलाही नेमकं तेच लागतं.

टोफूच्या अर्धा इंच जाडीच्या चपट्या वड्या पाडा, वर सांगितलं तसं मिठाच्या गरम पाण्यातून काढून दाबून घ्या, फक्त पाण्यात मीठ निम्मं घाला कारण पुढे कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस येणारे आणि त्यात मीठ असतंच. आलं, लसूण, एक हिरवी मिरची, कोथिंबीर हे पाणी न घालता वाटा, त्यात हळद, दोन चमचे मालवणी मसाला किंवा बेडगीचं तिखट आणि टेबलस्पूनभर कोकमाचं आगळ. वड्यांना सगळीकडून चोळून अर्धा तास ठेवा.

रव्याची एक युक्ती आहे. कढईत तळताना रव्याला तेल सगळीकडून मिळतं, ओव्हनमध्ये ते मिळत नाही, म्हणून नुसता रवा लावून भाजला तर तो कोरडा, पांढरा आणि दाताखाली कचकचतो. त्यासाठी अर्धी वाटी बारीक रवा आणि पाव वाटी तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात दोन टेबलस्पून तेल घाला आणि बोटांनी चोळा, करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसं, रव्याचा दाणा न् दाणा तेलकट झाला पाहिजे. मुठीत दाबलं तर मूठ वळते आणि बोट लावलं की मोडते इतपत. मग वडी त्यात दाबून घोळवा, ट्रे आधीच ओव्हनमध्ये २२० डिग्रीला तापत ठेवलेला असू दे, त्या तापलेल्या ट्रेवर तेल पसरून वड्या ठेवल्या की चर्र आवाज यायला हवा. पंधरा मिनिटं, उलटून दहा मिनिटं. समुद्राचा वास हवाच असेल तर वडीच्या एका बाजूला नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी चिकटवून मग रवा लावा, ऑनलाइन मिळते, पण माझ्या मते त्याची गरज पडत नाही. सोबत सोलकढी, ती तर नारळाच्या दुधाची, आधीपासूनच व्हीगन.

गोव्याकडच्या वाचकांना रेशाद मसाला भरूनही करता येईल, सुक्या मिरच्या, लसूण, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटलेलं. वडीला मधून चीर देऊन भरायचं. हा मसाला व्हिनेगरमुळे पातळ झाला तर आधी कढईत थोड्या तेलावर परतून आटवा, नाहीतर परत ट्रेवर वाहील.

प्रश्न: भाजलेला टोफू ग्रेव्हीत घातला की मऊ पडतो आणि ग्रेव्हीची चवही घेत नाही. कोल्हापुरी रश्श्यात घालायचा आहे. (सांगली)

रश्श्यासाठी टोफू आधी फ्रीझ करा. पाकिटातून काढून, पाणी टाकून, डब्यात घालून एक दिवस फ्रीझरमध्ये. आतल्या पाण्याचा बर्फ होताना तो टोफूत भोकं पाडतो, म्हणून वितळल्यावर टोफू स्पंजसारखा होतो. फ्रीझरमध्ये तो पिवळट दिसेल, घाबरू नका, वितळला की रंग परत येतो. रात्रभर फ्रिजमध्ये खाली ठेवून वितळू द्या, मग दोन तळहातांमध्ये धरून हळू पिळा, किती पाणी निघतं बघाच. आता हा तुकडा मसाला खरोखर आतपर्यंत ओढतो, मघाशी जे म्हटलं की मसाला वरच राहतो ते या टोफूला लागू नाही.

याला कांदा-लसूण मसाला, थोडं तेल, मीठ आणि दोन चमचे पाणी असं जरा पातळसर मिश्रण लावा म्हणजे आत शिरेल, २०० डिग्रीला पंधरा-अठरा मिनिटं पुरेत, हा लवकर कोरडा होतो. रस्सा वेगळा उकळून, तर्री वर आल्यावर, वाढायच्या आधी पाच मिनिटं टोफू सोडा. आधीपासून उकळत ठेवू नका. मखनीसारख्या दाट ग्रेव्हीत मात्र साधा, न गोठवलेला भाजलेला टोफू चांगला, आणि तोही शेवटीच.

प्रश्न: न्यू जर्सीत राहते. इथे एक्स्ट्रा फर्म, सुपर फर्म, सिल्कन असे प्रकार आहेत, कुठला घेऊ? आणि ओव्हन फॅरनहाइटमध्ये आहे. मोहरीच्या तेलावर तर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं लिहिलेलं असतं!

सुपर फर्म मिळत असेल तर तोच घ्या, तो इतका घट्ट असतो की दाबायची गरज नाही, नुसता पुसून घ्यायचा. एक्स्ट्रा फर्मला वरची सगळी पद्धत लागेल. सिल्कन अगदी मऊ असतो, भाजायला घेऊ नका, तो मिक्सरमधून फिरवून क्रीमच्या जागी मखनीत घाला, फार छान लागतो.

२०० डिग्री सेल्सियस म्हणजे तुमचे साधारण ४०० फॅरनहाइट, पंखा चालू असेल तर २५ ने कमी करा. शेवटची तीन मिनिटं ब्रॉइल, म्हणजे फक्त वरून उष्णता. मोहरीच्या तेलावर ते लिहिलेलं असतं कारण त्यातल्या इरुसिक ॲसिडमुळे अमेरिकेत ते खाद्यतेल म्हणून विकू देत नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्रात तरी ते कुठे रोजचं आहे, शेंगदाणा तेल घ्या आणि मोहरीचा झटका हवा असेल तर अर्धा चमचा मोहरी वाटून त्यात घाला.

प्रश्न: आमच्या शेतात सोयाबीन होतं पण टोफू मात्र लातूरला जाऊन विकत आणावा लागतो. घरी करून भाजता येईल का? (जि. लातूर)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. महाराष्ट्र म्हणजे देशात सोयाबीन पिकवणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी एक, आणि त्यातलं बहुतेक सोयाबीन तेलगिरणीत जातं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आपल्या ताटात मात्र येत नाही, ही गोष्ट मला खरंच लागते. गांधीजींनी १९३५ च्या सुमारास वर्ध्याला मगनवाडीत सोयाबीन रोजच्या जेवणात आणून बघितलं होतं आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही होतं, म्हणजे हे खाणं आपल्याकडे काही काल-परवा आलेलं नाही.

पाव किलो सोयाबीन आठ-दहा तास भिजवा, चोळून सालं काढा, गरम पाणी घालून वाटा. गार पाण्यात वाटलं की तो कच्चट वास जास्त येतो, गरम पाण्याने तो बराच कमी होतो. कापडातून गाळून साधारण दोन लिटर दूध होईल, ते दहा-पंधरा मिनिटं चांगलं उकळलंच पाहिजे, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात आणि ते उकळण्यानेच जातात. फेस फार येतो, मोठं पातेलं घ्या. गॅस बंद करून दोन-तीन मिनिटांनी तीन-चार टेबलस्पून लिंबाचा रस कपभर पाण्यात मिसळून दोन-तीन वेळा करून घाला, हलक्या हाताने ढवळा, झाका. पंधरा मिनिटांत पिवळसर पाणी वेगळं होतं. कापडात बांधून वर वजन, आणि भाजायचा असेल तर तासभर तरी दाबा, मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कापा, लगेच कापलात तर चुरा होईल. लिंबाचा टोफू जरा ठिसूळ होतो, घट्ट हवा असेल तर खाद्य दर्जाचं कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिळतं ते वापरा, पाकिटावर खाद्य दर्जा लिहिलेला बघूनच. चोथा टाकू नका, थालीपिठाच्या भाजणीत घाला.

प्रश्न: ओव्हन नाहीये. साध्या मायक्रोवेव्हमध्ये होईल? (छत्रपती संभाजीनगर)

नाही, साध्या मायक्रोवेव्हमध्ये तो फक्त गरम होऊन रबरी होतो, कन्व्हेक्शन मोड लागतो. बिडाचा तवा असेल तर ओव्हनची आठवणही येणार नाही, तवा चांगला तापवून, तेल टाकून, तुकडे मध्यम गॅसवर न हलवता चार-पाच मिनिटं राहू द्या, सुटायला लागले की उलटा. चिकटलेला असताना उचटायला गेलात तर मसाला तव्यालाच राहील. एअर फ्रायर असेल तर १९० डिग्रीला बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवून.

प्रश्न: आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, टोफू दिला तर चालेल? आणि व्हीगन माणसाला टोफूतून बी-१२ मिळतं का?

सोयामुळे ती गोळी शरीरात कमी शोषली जाऊ शकते, म्हणून गोळी आणि टोफू यांत काही तासांचं अंतर ठेवायला सांगतात, तुमच्या आईसाठी किती ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. बी-१२ टोफूत नसतं. व्हीगन असाल तर त्याची गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात, यात चालढकल करू नका.

प्रश्न: तयार तंदुरी मसाला वापरला तर पदार्थ व्हीगनच राहतो ना?

पाकीट उलटून घटक वाचा, काही तयार मसाल्यांत दुधाची पावडर असते. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे वेगळे नियम आहेत आणि त्यांचं हिरव्या चौकोनातलं व्ही आणि पानाचं चिन्हही आहे, ते नेहमीच्या शाकाहारी हिरव्या ठिपक्यापेक्षा वेगळं. हिरवा ठिपका असला तरी आत दूध, तूप, मध असू शकतं. हिंगात गव्हाचं पीठ असतं पण ते व्हीगनच आहे.

प्रश्न: मुलीच्या डब्यात देते तर दुपारपर्यंत चिवट होतो म्हणते. (डोंबिवली)

डब्यासाठी पाच मिनिटं कमी भाजा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ कोंडली की वरचा थर आधी ओला होतो आणि मग चामड्यासारखा. रात्रीच भाजून ठेवलात तरी चालेल, फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहतो. सकाळी तव्यावर तेलाच्या थेंबावर एक मिनिट परतून, पोळीला हिरवी चटणी लावून, कांदा आणि कच्च्या कैरीचा कीस घालून गुंडाळी करून द्या, नुसते तुकडे देऊ नका. पाकीट फोडून उरलेला कच्चा टोफू पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, तीन-चार दिवसांत संपवा, आंबट वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला तर टाकून द्या.